तातेराव दोरा

ज्या माणसानं उभ्या जन्मात भाताचं रोप हातात धरलं नव्हतं, त्याला सरकारनं भात कसा लावायचा ते शिकवायला पाठवलं. तो माणूस म्हणजे आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, सरुबाईचे, मालक. नाव तातेराव. गाव परभणीकडचं. ज्वारी, तूर आणि कापूस, यापलीकडं त्यांनी रान बघितलेलं नव्हतं. भात आमच्यात सणाला शिजायचा, तोही पोरांना पुरला तर मोठ्यांना. पण तेव्हा हैदराबाद राज्य एकच होतं. त्यात तेलुगू होते, आम्ही होतो, कानडी होते. नोकरी लागली की सरकार हात धरून कुठंही नेऊन बसवायचं. दाजींना ग्रामसेवक म्हणून घेतलं आणि शहराबाहेरच्या ट्रेनिंग सेंटरात सहा महिने कोंबलं. तिथून बाहेर पडले ते जपानी पद्धतीच्या भातशेतीचे मास्तर होऊनच.

मी सिकंदराबादला रेल्वेच्या लोको शेडात फिटर होतो. राहायचो अक्काकडंच, नल्लकुंट्यात, सत्यवतम्मा नावाच्या एका तेलुगू विधवेच्या घरात. मागच्या बाजूच्या दोन खोल्या आमच्याकडं होत्या. दाजी सोमवारी बसनं नेमणुकीच्या गावाला जायचे आणि शनिवारी संध्याकाळी धोतराला चिखल लावून परत यायचे. गावाचं नाव चेरुगुडेम. बसमधून उतरल्यावर तळ्याच्या बांधानं चालत जायचं. मी तीन-चार वेळा गेलोय, म्हणून सांगतो. ऐकीव सांगायची मला सवय नाही.

आता मूळ गोष्ट समजायची तर एक समजून घ्यायला हवं. आमच्याकडं नावाला राव लावायला काही लागत नाही. पाटलाचा पोरगा राव, तेल्याचा पोरगा राव, आम्ही महाराची पोरं, आम्हीही राव. किशनराव, तातेराव, चार आण्याला डझनभर. तिकडं तेलंगणात तसं नाही. तिकडं नावाला राव म्हणजे एक तर बामण, नाही तर वेलमा जमीनदार, ज्याला गाव दोरा म्हणतं. दोरा म्हणजे मालक, धनी. दोरा आला की माणसं उठून उभी राहतात, डोक्याचं फडकं काढतात, चपला काढून हातात घेतात. हे दाजींना ट्रेनिंग सेंटरात कुणी शिकवलं नव्हतं. तिथं बियाणं शिकवलं, खत शिकवलं, गावात गेल्यावर आधी कुणाला नमस्कार करायचा तेही शिकवलं. नावाचं कोण शिकवणार?

चेरुगुडेमचे दोरा होते रंगाराव. तळ्याखालचं चांगलं रान सगळं त्यांचं. दाजी पहिल्या दिवशी त्यांच्या वाड्यावर गेले, सरकारी कागद दाखवला, नाव सांगितलं. रंगारावांनी विचारलं, "कुठले?" दाजी म्हणाले, "मराठवाड्याकडचे." एवढंच. पुढं काही विचारणं त्यांच्या रीतीत बसत नसावं. नाव राव, हातात सरकारी पिशवी, बोलणं स्वच्छ उर्दूतलं. झालं! अंगणातल्या ओसरीवरची खोली झाडून घेतली, नवी सुतळी विणलेली खाट टाकली, आणि रात्री आतून ताट आलं. दाजी मला म्हणाले होते, "संभाजी, मी तोंड उघडायच्या आत खाट टाकली रे. मग काय सांगायचं?"

मी म्हणलं, "काही सांगू नका. झोपा गुपचूप."

पहिल्यांदा मी गेलो तेव्हा आबी हंगामाची लावणी चालू होती. पावसाळी भाताला तिकडं आबी म्हणतात आणि तळ्याच्या पाण्यावरच्या उन्हाळी भाताला ताबी. दाजी ओसरीवर खुर्चीत बसले होते. समोर अंगणात मालवाड्यातली दहा-बारा माणसं उभी होती. माला म्हणजे तिकडचे आपणच. आपल्यासारखंच गावाबाहेर राहायचं, आपल्यासारखीच गावची कामं करायची. उन्हात उभी, चपला हातात, माना खाली. दाजी मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगत होते की बी कमी टाका, वाफा उंच करा, दोरी धरून ओळीत लावा, आणि प्रत्येक वाक्याला समोरून एकच उत्तर येत होतं, "अलागे दोरा." म्हणजे, तुम्ही म्हणाल तसं, मालक.

माणसं गेल्यावर मी हसून हसून लोळलो. "दाजी, तुम्ही तर दोराच झालात की! अक्काला सांगतो, आता दोरासानी म्हणून हाक मारायची."

दाजींना हसू आलं नाही. त्यांनी खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि म्हणाले, "यातला एक जण उद्या ओळीत लावेल असं तुला वाटतं?"

मी म्हणलं, सगळे तर हो म्हणाले.

"म्हणूनच विचारतो," ते म्हणाले.

आणि झालंही तसंच. रंगाराव दोरांच्या रानात दाजींनी प्रात्यक्षिक केलं. मोक्याचं रान, हाताखाली गडी, तळ्याचं पाणी आधी त्यांना. भात असा आला की बघत राहावं. ऑफिसातून साहेब आले, फोटोवाला आला. कणसाला हात लावून साहेबानं फोटो काढून घेतला. पण दोरांच्या बांधापलीकडं एकानंही दोरी धरली नाही. पलीकडं मालवाड्यातल्या साइलूचं रान होतं, तळ्याच्या अगदी शेपटाला. कूळ कायद्यात नावावर झालेला छोटा तुकडा. रोज येता-जाता तो दोरांचं भात बघायचा. बघायचा आणि जुन्या पद्धतीनंच आपलं लावायचा. पालथ्या घड्यावर पाणी!

खताचं तर विचारूच नका. अमोनियम सल्फेटच्या पिशव्या सरकारनं वाटायला दिल्या होत्या. लोक त्याला सरकारी मीठ म्हणायचे. दाजींनी मालवाड्यात घरोघर एकेक पिशवी दिली. सगळ्यांनी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. हंगाम संपल्यावर दाजी साइलूच्या घरी गेले तर माळ्यावर पिशवी तशीच. शिवण उसवलेली नाही. साइलूच्या बायकोनं, नर्सव्वानं, मान खाली घालून सांगितलं, "दोरा, जपून ठेवलीय. उंदीर लागू दिला नाही. तुम्ही परत मागाल तेव्हा देऊ." बाकीच्या घरांतही तेच. नको म्हणायची सोय नव्हती, म्हणून घेतली. टाकायची छाती नव्हती, म्हणून ठेवली.

त्या शनिवारी दाजी घरी आले ते जेवलेच नाहीत. अक्कानं भाकरी वाढली, पिठलं वाढलं, तरी हात धुवून बसून राहिले. मग सांगायला लागले. ट्रेनिंग सेंटरात त्यांना एकनाथराव नावाचे मास्तर होते, पुढं ते तालुक्याला विस्तार अधिकारी म्हणून यांचेच साहेब झाले. त्यांचं एक सांगणं दाजींच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. शेतकरी मान डोलावतो तेव्हा तो तुम्हाला वाटेला लावत असतो. तो वाद घालायला लागला, हे कसं होईल म्हणून विचारायला लागला, तर समजा त्यानं ऐकलं.

"दीड वर्ष झालं," दाजी म्हणाले, "मला त्या मालवाड्यात एका माणसानं एक प्रश्न विचारला नाही. दोरांचे गडी विचारतात, स्वतः दोरा विचारतात. ज्यांच्यासाठी मी तिथं गेलोय ते नुसतं अलागे दोरा. सांगावंसं वाटतं त्यांना की अरे बाबांनो, मी तुमच्यातलाच."

अक्काचा हात थांबला. तिनं दार लोटून घेतलं. मागच्या खोलीत बोललेलं पुढं सत्यवतम्माला ऐकू जायचं, म्हणून ती नेहमीच हळू बोलायची.

"तुम्हाला कुणी विचारलंय का?"

"नाही."

"सत्यवतम्मानं विचारलंय? शाळेत आपल्या पोरांना विचारलंय? नाही ना? मग झाकली मूठ सव्वा लाखाची. तिकडं आपल्या गावात आपलं नाव पोचायच्या आधी आपली जात पोचते. इथं आल्यापासून मी विहिरीवर सगळ्यांच्या आधी पाणी भरते. तुम्हाला त्याचं काही नाही. मला आहे."

मी अक्काच्या बाजूचा. खरं सांगायचं तर मला हा सगळा प्रकार हौलेपणा, हैदराबादी वेडेपणाच वाटत होता. माणसाला आयती खाट मिळते, तर हा म्हणतो मला टोचते! पण अक्काचं भय मात्र मला कळत होतं. दाजींनी तिकडं तोंड उघडलं, तर बातमी बसमध्ये बसून नल्लकुंट्यात यायला वेळ लागणार नव्हता. घर जाणार, विहीर जाणार.

हे सन छप्पनचं. त्याच सुमाराला राज्य तुटायची तारीख ठरली. मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी मुलूख म्हैसूरला, आणि हैदराबादसकट बाकीचं आंध्रात. ऑफिसाऑफिसांत एकच चर्चा, तुम्ही कुठं? मराठी कारकून बायकापोरांसकट सिकंदराबाद स्टेशनावर ट्रंकांवर बसलेले दिसायचे. कुणी औरंगाबादला, कुणी नांदेडला. निरोप देणारे तेलुगू शेजारी रडायचे, जाणारेही रडायचे, आणि गाडी हलली की दोघंही डोळे पुसून नोकरीच्या कुठं किती जागा रिकाम्या झाल्या त्याचा हिशोब करायचे. आमच्या रेल्वेला काही फरक नव्हता. रूळ काही भाषा बघून तोडता येत नाहीत. पण दाजींना लिहून द्यायचं होतं की इथं राहणार की तिकडं जाणार. एकनाथराव स्वतः जाणार होते. त्यांनी दाजींना बोलावून सांगितलं, "तातेराव, चला. आपली भाषा, आपलं रान. इथं भाताच्या चिखलात काय ठेवलंय?"

अक्काला जायचं नव्हतं, कारण तिकडं सगळ्यांना माहीत होतं. दाजींना राहायचं अवघड झालं होतं, कारण इथं कुणालाच माहीत नव्हतं. इकडं आड, तिकडं विहीर.

दसऱ्याला आम्ही नागपूरला गेलो. मला रेल्वेचा पास होता, अक्का आणि दाजींनी तिकीट काढलं. त्या मैदानावरचं मी काय सांगू? सगळीकडं पांढरी लुगडी, पांढरी धोतरं, आणि जमिनीवर बसायला जागा नाही. बाबासाहेबांचा आवाज भोंग्यातून यायचा आणि आमच्या पुढं बसलेली एक म्हातारी प्रत्येक प्रतिज्ञा एक शब्द मागं राहून म्हणत होती. मी मोठ्यानं म्हणलो, अक्का रडत म्हणाली. दाजी शांतपणे म्हणत होते. फक्त मी खोटे बोलणार नाही, हे आलं तेव्हा ते थांबले. सगळे पुढं गेले, मग त्यांनी ते एकट्यानं म्हटलं.

परतीला काझीपेठला गाडी बदलायची होती. फलाटावर आम्ही चहा घेत होतो. दाजी म्हणाले, "सरू, मी त्या गावात एकदाही खोटं बोललो नाही. पण रोज खोट्यावर झोपलोय. उद्या जाऊन सांगणार."

अक्कानं कपातला चहा रुळावर ओतून टाकला. "मला विचारून सांगता की सांगून विचारता?"

"सांगतो," दाजी म्हणाले.

सिकंदराबाद येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मला दोघांचाही राग आला होता. एकाचा वेडेपणाबद्दल आणि दुसरीचा, ती बरोबर असून हरत होती म्हणून.

दोरांना त्यांनी कसं सांगितलं ते दाजींच्याच तोंडून ऐकलं. सकाळी दोरा अंगणात पान लावत बसले होते. दाजी उभं राहूनच म्हणाले, "दोरा, तुमच्याकडं ज्यांना माला म्हणतात, आमच्या मुलखात आम्ही तेच होतो. परवा आम्ही बौद्ध झालो. तुम्ही विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. ते बरं झालं नाही." रंगाराव दोरांनी पान खाली ठेवलं. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. नुसतं म्हणाले, "पैले बोलना था ना." आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सामान आणायला मी दाजींबरोबर गेलो. दाजींची ट्रंक फाटकाबाहेर नीट झटकून ठेवलेली, वर वळकटी, वळकटीवर छत्री. अंगणात गडी खाटेवर बादल्या ओतत होता. नवी सुतळी पाणी पिऊन काळी पडली होती. गड्यानं माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या मस्तकात तिडीक गेली, वाटलं ती बादली घ्यावी आणि त्याच्याच डोक्यावर ओतावी. पण त्याचा तरी काय दोष? दोरांच्या रानातलं प्रात्यक्षिक संपलं, ते त्याच दिवशी कळलं.

"झालं समाधान?" मी म्हणलं. "तेलही गेलं, तूपही गेलं."

"चल, मालवाड्यात जायचंय," दाजी म्हणाले.

माझा अंदाज असा की तिथं तरी माणसं खूश होतील. आपलाच माणूस, सरकारी नोकरीत, शिकलेला. गळ्यात पडतील. दाजींनाही मनातून तेच वाटत असणार, कारण चालताना ते भराभर चालत होते. साइलूच्या झोपडीपुढं माणसं जमली, नेहमीसारखी चपला काढून. दाजींनी सांगितलं. तोवर त्यांचं तेलुगू चांगलं झालं होतं, एकही शब्द अडला नाही.

साइलूनं जमिनीकडं बघितलं. मग नर्सव्वा पुढं आली. उंच, हाडं मोठी, आवाज तळ्याच्या पलीकडं जाईल असा. दीड वर्षात तिचं तोंड मी वर झालेलं बघितलं नव्हतं, ते त्या दिवशी बघितलं.

"तू माला?"

"हो."

"आणि आम्ही तुझ्यापुढं उन्हात उभं राहायचो? माझा सासरा गुडघे दुखत असताना उभा राहिला तुझ्यापुढं! तू खुर्चीत बसून बघत होतास?"

दाजी म्हणाले, "हो."

"थू," ती म्हणाली, आणि खरोखरच थुंकली, त्यांच्या पायापासून बाजूला. मग जे सुरू झालं ते काय विचारता! तिच्यामागं बाकीच्या बाया, बायांमागं गडी. दोरांनी दिलेलं जेवण जेवलास. आमच्याकडं पाणी मागितलं नाहीस. आमच्या पोरांना अरे म्हणालास. तू आता सांगितलंस, आता दोरा आमच्यावर डूख धरेल, तुला काय, तू जाशील बदली घेऊन. यातलं एकही खोटं नव्हतं. मी दाजींचा हात ओढला, चला म्हणलं. ते हलले नाहीत. खाली मातीत बसले आणि ऐकत राहिले. बराच वेळ झाल्यावर लोक बोलून दमले.

तेव्हा साइलू, जो इतका वेळ गप्प होता, घसा साफ करून म्हणाला, "ते मीठ. ते टाकलं की पुढच्या वर्षी जमीन जळते म्हणतात. खरं का?"

दाजींचे डोळे भरून आले. मला आधी कळेना, एवढ्या शिव्या खाल्ल्या तेव्हा कोरडे होते आणि आता काय झालं! त्यांनी उत्तर दिलं. त्यावर साइलूनं दुसरं विचारलं. नर्सव्वा मध्येच म्हणाली की दोरी धरून लावायला बाया तयार होणार नाहीत, कंबर मोडते, गाणं तुटतं. दाजी म्हणाले, मग दोरी नको, अंतर ठेवा. ती म्हणाली, किती? ते तिथंच मातीत बोटानं दाखवत बसले. माझी बस चुकली.

घरी येऊन त्यांनी कागद भरून दिला. इथंच राहणार. एकनाथराव म्हणाले, "तातेराव, तिकडं गेलात तर हे सगळं आपोआप मिटेल. हट्ट कशाला?" दाजी म्हणाले, "साहेब, आत्ता कुठं त्यांनी मला शिव्या दिल्यात. आता कसा जाऊ?" एकनाथरावांना ते काही कळलं नसावं. नोव्हेंबर लागला, राज्य बदललं, ऑफिसावरची पाटी बदलली. अक्का दाजींशी कामापुरतं बोलायची. रोज विहिरीवरून आली की मी तिच्या तोंडाकडं बघायचो, आज कुणी काही म्हणालं का. कुणी म्हणालं नव्हतं. बातमी अजून बसमध्ये बसली नव्हती.

दाजी सायकलवरून बसपर्यंत आणि बसनं गावाला, असं रोज जाऊ-येऊ लागले. दोरांनी तक्रार केली म्हणतात, पण नव्या राज्यात नवे साहेब, कागद कुठं तरी हरवला. ताबी हंगामात साइलूनं अर्धं रान दाजींच्या पद्धतीनं लावलं, अर्धं स्वतःच्या. त्यावरूनही भांडण झालं होतं. दाजी म्हणत सगळं लाव. नर्सव्वा म्हणाली, तुझं ऐकून बुडालो तर खायला अर्धं तरी राहू दे. दाजी हे घरी सांगायचे तेव्हा त्यांचं तोंड फुलायचं. अक्का भाकरी थापत असायची. ऐकतेय की नाही ते कळायचं नाही.

चैत्रातला रविवार होता. मला दुपारची ड्युटी होती, मी जेवायला बसणार तेवढ्यात गल्लीतून आवाज आला. "ए तातेरावु! बाहेर ये!"

नर्सव्वा होती. डोक्यावर भाताचा भारा, मुळासकट उपटलेला. उन्हानं तोंड लाल, पायात चपला. बसनं येऊन, चौकशी करत करत घर शोधलं होतं. समोरच्या घरातला पेन्शनर बाहेर आला, शेजारच्या बाया कठड्याला आल्या. सत्यवतम्मा पुढच्या ओसरीवर जपमाळ घेऊन बसलेली होती, ती उठून उभी राहिली.

नर्सव्वानं भारा धाडकन अंगणात टाकला. "बघ! तुझं अर्धं रान आडवं पडलं! माझं अर्धं उभं आहे, तुझं झोपलं! दोरा असतास तर नशीब म्हणून गप्प बसले असते. तू माला, आमच्यातला, आमचंच रान बुडवलंस?"

सगळी गल्ली तेलुगू. एकेक शब्द सगळ्यांना कळला. सत्यवतम्माच्या हातातली माळ थांबली. दाजी दारात आले, पण पुढं अक्का होती. उंबऱ्यावर, हाताला पीठ. गेली तीन वर्षं ती याच क्षणाला भीत होती, आणि तो असा भर दुपारी, भारा घेऊन अंगणात येऊन उभा राहिला होता. मला वाटलं, आता ही दार लावून घेणार. लावलं असतं तरी मी तिला दोष दिला नसता. पुढच्या महिन्यात ते घर आम्हाला सोडावं लागलंच. सत्यवतम्मानं भांडण केलं नाही, मुलगा गावाहून येणार आहे एवढंच सांगितलं. मुलगा काही आला नाही.

अक्कानं एकदा सत्यवतम्माकडं बघितलं. एकदा गल्लीकडं. मग पदरानं हात पुसले आणि नर्सव्वाला मोठ्यानं म्हणाली, तिच्याच भाषेत, जी ती घरात कधी बोलायची नाही, "उन्हात उभी राहून भांडू नकोस. आत ये. बसून भांड."

नर्सव्वाला हे अपेक्षित नव्हतं. ती क्षणभर घुटमळली. मग भारा उचलून आत आली. अक्कानं तिला आपल्या पितळी तांब्यात पाणी दिलं. दाजींनी भारा जमिनीवर पसरला, एकेक रोप हातात घेऊन बघितलं. पानं गर्द हिरवी, कांड्या लांब आणि पोकळ.

"किती मीठ टाकलं?"

"होतं तेवढं सगळं. गेल्या वर्षीचं माळ्यावरचंपण. वाया कशाला घालवायचं?"

"अगं, माप सांगितलं होतं मी! साइलूला सांगितलं होतं, दोनदा!"

"साइलूनं टाकलं का?" नर्सव्वा म्हणाली. "टाकलं मी. मला कुणी सांगितलं?"

अक्का चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. ती माझ्याकडं वळून मराठीत म्हणाली, "मला तरी कुठं विचारलं होतं काझीपेठला." पण तिच्या आवाजात तो जुना राग नव्हता.

दाजींनी हातातलं रोप खाली ठेवलं. मग म्हणाले, "चुकलं माझं. घरातल्या दोघांना सांगायला हवं होतं. आता तुला सांगतो."

"आता सांगून काय, आता आडवं पडलं," नर्सव्वा म्हणाली. तिनं उरलेलं पाणी पिऊन टाकलं, तांब्या बाजूला ठेवला आणि मांडी घालून बसली.

"बरं," ती म्हणाली. "सांग."